पटावर नसलेला विद्यार्थी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात झालेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून किरकोळ संपादन केलं आहे. – संपादक मंडळ)



काल रात्री गाण्याच्या भेंड्या एक वाजेपर्यंत चालल्या, तरी आज साडेनऊला एवढे जण वेळेवर येऊन बसलेत. शाळेत असताना आपल्याला हे जमलं असतं तर सरांचे बरेच खडू वाचले असते.

समितीने मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरच्या सुरक्षेत काम करतोस, त्यावर वीस मिनिटं बोल. पण सगळ्यांना कळेल असं बोल." ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे तुम्ही रोज ऐकताच. ते मी पुन्हा सांगणार नाही. मेळाव्याच्या नोंदणीची यादी मी काल चाळली. आपल्यातले काही जण पतसंस्थांच्या संचालक मंडळावर आहेत. काहींची स्वतःची हॉस्पिटलं आहेत. एमआयडीसीत कारखाने चालवणारे आहेत, मुख्याध्यापक आहेत, सीए आहेत. म्हणजे दुसऱ्यांची माहिती जिथे साठते अशा जागी आपण आता बसलो आहोत आणि कागदावर सही आपली असते. तेव्हा आजचं बोलणं त्या सही करणाऱ्यासाठी आहे. कॉम्प्युटर बघणारा मुलगा वेगळा असेल. पण त्याला काय विचारायचं, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

विषयाचं नाव आहे वेबशेल. यातला शेल म्हणजे शंख-शिंपला नव्हे. कॉम्प्युटरला थेट हुकूम सोडण्याची जी जागा असते, जिथे ओळ टाइप केली की तो ते काम करतो, तिला आमच्या धंद्यात शेल म्हणतात. ही जागा मालकापुरती असते. तीच जागा कुणीतरी गुपचूप तुमच्या वेबसाइटच्या एखाद्या पानात बसवून ठेवली, की झाला वेबशेल. मग तो माणूस जगात कुठेही बसून, साध्या इंटरनेटवरून, तुमच्या सर्व्हरला हुकूम सोडू शकतो. फाइली दाखव, ही फाइल पाठव, हा प्रोग्राम चालव, शेजारच्या कॉम्प्युटरपर्यंत मला पोचव.

आता जरा मुळाशी जाऊ. वेबसाइट म्हणजे कुठल्यातरी कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर असतं. त्यात दोन प्रकारच्या फाइली असतात. पहिल्या नुसत्या दाखवायच्या: फोटो, सूचना, निकालाची पीडीएफ. दुसऱ्या चालवायच्या: तुम्ही फॉर्म भरलात की तो तपासणारी, बिल बनवणारी, पासवर्ड बरोबर आहे का ते पाहणारी. पीएचपी, एएसपीएक्स, जेएसपी अशी त्यांची आडनावं असतात. वेबशेल ही या दुसऱ्या प्रकारातली फाइल. फरक इतकाच, की चांगल्या फाइलीत तिने करायचं काम लिहिलेलं असतं आणि वेबशेलमध्ये फक्त एवढं लिहिलेलं असतं: जो मला खुणेचा शब्द सांगेल, तो म्हणेल ते करायचं. 'चायना चॉपर' नावाचा एक वेबशेल दहा वर्षांहून जास्त काळ आम्हाला भेटतो आहे. त्याचा सर्व्हरवर ठेवायचा भाग एका ओळीचा असतो. खरोखर एका ओळीचा.

तुम्ही म्हणाल, अँटिव्हायरस आहे, फायरवॉल आहे, मग हे दिसत कसं नाही? फायरवॉलला आपणच सांगितलेलं असतं, की वेबसाइटच्या दारातून येणाऱ्याला अडवू नकोस, तो आपला ग्राहक आहे. वेबशेलचा मालकही त्याच दारातून येतो. खंडणी मागणारा व्हायरस आरडाओरडा करतो. स्क्रीनवर लाल अक्षरं येतात. वेबशेलला गप्प बसायचं असतं. मालकाने हाक मारेपर्यंत ती फाइल नुसती पडून राहते. महिना, दोन महिने, वर्ष. आणि तिचं नावही साळसूद असतं. 'हेल्प' किंवा 'सपोर्ट', त्यातही 'ओ' या अक्षराच्या जागी शून्य घातलेलं.

हा प्रकार विरळा नाही. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२१मध्ये आकडे दिले होते. ऑगस्ट २०२० ते जानेवारी २०२१ या काळात त्यांच्या यंत्रणांना सर्व्हरवर महिन्याला सरासरी १,४०,००० वेळा वेबशेल आढळले. त्याच्या आदल्या वर्षी महिन्याची सरासरी ७७,००० होती.

आत येण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, अपलोडचा. 'फोटो जोडा' म्हणणाऱ्या फॉर्ममधून फोटोऐवजी चालणारी फाइल सरकवायची. फॉर्म लिहिणाऱ्याने तपासणी ठेवली नसेल तर ती जाते. दुसरा, जुन्या सॉफ्टवेअरमधल्या भोकाचा. तिसरा, चोरलेल्या पासवर्डचा. फुकटात मिळालेली, पैसे देऊन घ्यायच्या थीमची किंवा प्लगिनची चोरटी प्रत वापरली, तर चौथा मार्ग आपण स्वतःच उघडतो. त्यात वेबशेल आधीच शिवलेला असू शकतो.

यातल्या दुसऱ्या मार्गाची एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. आज मला जे सांगायचं आहे ते सगळं तिच्यात आहे.

मोठ्या संस्थांचं ईमेल सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं एक सॉफ्टवेअर आहे, एक्स्चेंज सर्व्हर. अनेक संस्था ते आपल्याच इमारतीतल्या कॉम्प्युटरवर चालवतात. डिसेंबर २०२०मध्ये तैवानच्या डेव्हकोर या कंपनीतल्या ऑरेंज त्साय या संशोधकाला त्यात एक गंभीर भोक सापडलं. त्याचं काम भोकं शोधून कंपनीला कळवायचं. ५ जानेवारी २०२१ला त्याने मायक्रोसॉफ्टला कळवलं. पण त्याच सुमारास दुसरंही कुणीतरी त्याच भोकातून आत जाऊ लागलं होतं. व्होलेक्सिटी या अमेरिकी कंपनीने नंतर जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून हल्ले सुरू असल्याचं दिसलं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जाहीर केली २ मार्चला. हल्ल्यात वापरलेली चार भोकं त्यात बुजवली होती. हल्ल्यामागे चीनमधून काम करणारा एक गट असल्याचं कंपनीने सांगितलं आणि त्याला 'हाफ्नियम' हे नाव दिलं.

आता यातली युक्ती ऐका. एक्स्चेंजमध्ये पत्त्यांच्या वहीची एक सेटिंग असते. तिच्यात 'बाहेरून यायचा पत्ता' असा रकाना आहे. हल्लेखोर पहिल्या भोकातून पासवर्डशिवाय आत जायचा आणि त्या रकान्यात पत्त्याऐवजी ती एक ओळ लिहायचा, चायना चॉपरची. मग तो सर्व्हरलाच सांगायचा, ही सेटिंग एका फाइलीत उतरवून ठेव. फाइल कुठे ठेवायची? वेबसाइटच्या फोल्डरमध्ये. नाव काय द्यायचं? चालणाऱ्या फाइलीचं. सर्व्हर बिचारा आज्ञाधारक. त्याने आपल्याच हाताने आपल्याच घरात वेबशेल लिहून ठेवला. दाखल्याच्या अर्जात पत्त्याच्या जागी कुणी 'मला तिजोरीची किल्ली द्यावी' असं लिहावं आणि ऑफिसने तो कागद सही-शिक्क्यानिशी बोर्डावर लावावा, तसं.

दुरुस्ती जाहीर होताच दोन शर्यती एकदम सुरू झाल्या. संस्था दुरुस्ती बसवायला धावल्या आणि हल्लेखोर उरलेल्या सर्व्हरांत आपली फाइल टाकायला धावले. एका गटाच्या जागी अनेक गट उतरले. ईसेट या सुरक्षा कंपनीने १० मार्चला सांगितलं, की किमान दहा गट या भोकांचा वापर करत आहेत आणि ११५हून जास्त देशांतल्या ५,०००पेक्षा अधिक सर्व्हरांवर वेबशेल दिसले आहेत. युरोपियन बँकिंग ऑथॉरिटीला आपली ईमेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. नॉर्वेच्या संसदेतून माहिती चोरली गेली. काही ठिकाणी मागोमाग 'डिअरक्राय' नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर आलं.

बहुतेकांनी दुरुस्ती बसवली. २२ मार्चपर्यंत धोक्यातल्या ९२ टक्के सर्व्हरांवर दुरुस्ती किंवा तात्पुरता बंदोबस्त झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. तीन आठवड्यांत हे काम कौतुकाचं आहे. पण इथेच गोम आहे. दुरुस्ती भोक बुजवते. त्या भोकातून आधीच आत आलेल्या फाइलीला ती हात लावत नाही. एखाद्याने १ मार्चला तुमच्या सर्व्हरवर वेबशेल ठेवला आणि तुम्ही ३ मार्चला दुरुस्ती बसवलीत, तर तुम्ही दाराचं कुलूप बदललंत आणि चोर माळ्यावर झोपलेलाच राहिला. वर तुम्ही संचालक मंडळाला अहवाल दिलात, 'अपडेट पूर्ण, धोका टळला.' अहवाल खोटा नाही, अपुरा आहे.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. १३ एप्रिलला अमेरिकेच्या न्याय विभागाने एक निवेदन काढलं. हजारो मालकांनी आपापले वेबशेल काढले होते, पण शेकडो सर्व्हरांवर ते तसेच होते. मालकांना ते सापडले नव्हते किंवा काढता आले नव्हते. मग एफबीआयने टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाची परवानगी घेतली आणि स्वतःच ते काढले. कसे? वेबशेलच्याच वाटेने. ज्या फाइलीला कुणीही खुणेचा शब्द सांगून हुकूम देऊ शकतो, तिला एफबीआयने हुकूम दिला: सर्व्हरला सांग, तुलाच पुसून टाक. आधी पुराव्यासाठी तिची प्रत घेतली, मग पुसली. आपल्या सर्व्हरवर पोलीस येऊन गेले हे मालकांना नंतर कळवण्यात आलं.

यावर पुष्कळ वाद झाला आणि तो योग्यच होता. आपल्या कॉम्प्युटरमध्ये सरकारने न सांगता शिरावं का, हा लहान प्रश्न नाही. पण मला त्या निवेदनातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं. एफबीआयने स्पष्ट सांगितलं, की आम्ही भोकं बुजवलेली नाहीत आणि वेबशेलच्या मदतीने आत आणखी काही टाकलं गेलं असेल तर तेही शोधलेलं नाही. म्हणजे कामं तीन आहेत आणि तिन्ही वेगळी. भोक बुजवणं. आत बसलेला शोधून काढणं. आणि तो बसलेला असताना त्याने काय काय केलं ते तपासणं. आपण पहिलं करतो आणि थांबतो.

परदेशातल्या मोठ्या संस्थांचं सोडा, जवळचं सांगतो. नाव, गाव सांगणार नाही. तालुक्याच्या ठिकाणची एक शिक्षणसंस्था. गूगलवर शाळेचं नाव शोधलं की खाली सट्ट्याच्या जाहिराती दिसायच्या. वेबसाइट उघडली तर सगळं ठीक, मुलं कवायत करताहेत. साइट बनवणाऱ्याने एक फाइल सापडली म्हणून पुसली. दोन आठवड्यांनी जाहिराती परत. पुन्हा पुसली, पुन्हा परत. त्यानंतर मला बोलावलं. आम्ही साइटची मूळ प्रत मागवली आणि एकेक फाइल ताडून पाहिली. स्नेहसंमेलनाच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये, साडेतीनशे फोटोंच्या मधे, एक फाइल फोटो नव्हती. थीमच्या फोल्डरमध्ये दुसरी होती. आणि वापरकर्त्यांच्या यादीत एक ॲडमिन होता, जो संस्थेत कुणालाच माहीत नव्हता. एक फाइल पुसली की दुसरी तिला पुन्हा जन्म द्यायची. पण खरी चिंता जाहिरातींची नव्हतीच. त्याच सर्व्हरवर प्रवेश अर्ज होते. मुलांच्या जन्मतारखा, पालकांचे मोबाइल नंबर, आधार कार्डांच्या प्रती. ते कुणी नेलं का, याचं उत्तर आम्ही देऊ शकलो नाही, कारण सर्व्हरच्या नोंदी सात दिवसांपलीकडे ठेवल्याच जात नव्हत्या. त्या मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, "पालकांना मी काय सांगू?" त्या प्रश्नाला सॉफ्टवेअरमध्ये उत्तर नाही.

आता उपाय. बाई, इथे तुमची आठवण काढतो. पटावर आम्ही अठ्ठेचाळीस होतो. समजा एखाद्या दिवशी वर्गात एकोणपन्नास डोकी भरली. तो एकोणपन्नासावा गुंड आहे की पाहुणा, हे चेहऱ्यावरून ओळखत बसायची तुम्हाला गरज नव्हती. पट वाचत जायचं, 'हजर' म्हणेल तो खाली बसेल, शेवटी उभा राहील तो आपला नाही.

साधा अँटिव्हायरस बराचसा उलट्या दिशेने काम करतो. त्याच्याकडे माहीत असलेल्या गुंडांचे फोटो असतात. एका ओळीच्या फाइलीला वेश बदलायला किती वेळ लागतो? दोन अक्षरं इकडची तिकडे केली की तिचा फोटो जुळत नाही. म्हणून २०२०च्या एप्रिलमध्ये अमेरिकेची एनएसए आणि ऑस्ट्रेलियाची सिग्नल्स डायरेक्टोरेट यांनी वेबशेलबद्दल मिळून एक मार्गदर्शिका काढली, तिच्यात या हजेरीवर भर दिला आहे: खात्रीच्या मूळ प्रतीशी चालू सर्व्हरची तुलना करा. मूळ प्रतीतल्या प्रत्येक फाइलीचा ठसा घेऊन ठेवायचा, जसा अंगठ्याचा. रोज रात्री सर्व्हरवरच्या फाइलींचे ठसे त्याच्याशी जुळवायचे. नवीन फाइल दिसली, जुनीचा ठसा बदलला, तर सकाळी कुणाच्या तरी मोबाइलवर निरोप आला पाहिजे. वर्डप्रेसवर साइट असेल तर मूळ फाइलींशी ताडण्याची सोय त्यात आहेच. हे काम महाग नाही. लागतो तो पट. आणि बहुतेक संस्थांत पटच नसतो. आपल्या किती वेबसाइट आहेत, त्या कुठे आहेत, मूळ प्रत कुणाकडे आहे, हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. उद्या ऑफिसात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरी गोष्ट, वर्गाच्या भिंती. ज्या फोल्डरमध्ये लोक फोटो टाकतात, तिथली कुठलीही फाइल चालता कामा नये. फक्त दिसली पाहिजे. सर्व्हरला ही एक सूचना दिली, की अपलोडमधून सरकवलेला वेबशेल नुसता कागद होऊन पडून राहतो. आणि वेबसाइट चालवणाऱ्या प्रोग्रामला स्वतःच्या चालणाऱ्या फाइली बदलण्याची मुभा नको. अपडेट करताना वेगळ्या खात्याने करावं.

तिसरी, वेबसाइटचा सर्व्हर आणि खातेदारांचा डेटाबेस यांच्यामध्ये दार असावं आणि ते बंद असावं. इक्विफॅक्स नावाची अमेरिकेतली कंपनी लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवते. मार्च २०१७मध्ये त्यांच्या वेबसाइटखालच्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली. कंपनीत ईमेल फिरलं, ४८ तासांत बसवा. एका पोर्टलवर ती बसलीच नाही. मे महिन्यात हल्लेखोर तिथून आत आले आणि त्यांनी तीसेक वेबशेल ठेवले. आत एका फाइलीत पासवर्ड उघडे लिहिलेले होते. त्यांच्या जोरावर, त्या पोर्टलशी संबंध नसलेले डेटाबेस त्यांनी ९,००० वेळा धुंडाळले. सुमारे १४.८ कोटी अमेरिकनांची माहिती गेली. एका तक्रार-पोर्टलच्या खिडकीतून अख्खं घर.

तिथलीच चौथी गोष्ट. बाहेर जाणारी माहिती तपासणारं यंत्र इक्विफॅक्सकडे होतं. पण त्याचं डिजिटल प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपलं होतं, त्यामुळे ते आंधळं झालं होतं. २९ जुलैला नवं प्रमाणपत्र बसवलं आणि लगेचच संशयास्पद रहदारी दिसली. राखणदार ठेवला होता, त्याच्या चष्म्याची काच कुणी बदलली नव्हती. म्हणून यंत्र घेतलं का, एवढंच विचारू नका. ते शेवटचं कधी बोललं ते विचारा. सहा महिने एकही इशारा न देणारं यंत्र बंद असू शकतं.

त्या यंत्राने काय पाहायचं, तेही ठरलेलं असावं. तुमच्या हजारो अभ्यागतांपैकी कुणीही न उघडलेलं एक पान फक्त एकाच ठिकाणाहून, रात्री अडीचला उघडलं जातंय का? वेबसाइटचा प्रोग्राम अचानक विंडोजची काळी कमांडची खिडकी चालू करतोय का? बिल छापणाऱ्या कारकुनाने एकदम तिजोरीचा नकाशा मागावा तसं ते आहे. आणि सर्व्हर स्वतःहून बाहेरच्या अनोळखी पत्त्याशी बोलतोय का? त्याला गरज नसेल तर ती वाट बंदच ठेवा.

पाचवी गोष्ट लहान संस्थांसाठी. नीट सांभाळायला माणूस नसेल तर ईमेलचा सर्व्हर स्वतःच्या ऑफिसात ठेवू नका. २०२१च्या त्या हल्ल्यात मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ईमेल असलेल्यांना त्या भोकांचा त्रास झाला नाही. क्लाउड म्हणजे अभेद्य किल्ला असं मी म्हणत नाही, पण रात्रीच्या पहाऱ्याला तिथे पगारी माणूस असतो.

आणि वेबशेल सापडलाच तर? पहिला मोह होतो पुसून टाकण्याचा. थांबा. आधी सर्व्हरला जाळ्यातून वेगळा करा, पण बंद करू नका. त्याची पूर्ण प्रत घ्या, नोंदी दुसरीकडे हलवा. ती फाइल कधी आली ते पाहा. त्या तारखेच्या पुढचा बॅकअप विश्वासाचा नाही, त्यात चोरही जपून ठेवलेला असतो. एक सापडला म्हणजे दुसरा आहे असं धरूनच शोधा. मग स्वच्छ प्रतीवरून सर्व्हर नव्याने उभारा, भोक बुजवा, आणि त्यावरचे सगळे पासवर्ड बदला, डेटाबेसचेसुद्धा. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ला काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. सहा तास म्हणजे सकाळी कळलं तर दुपारच्या चहापर्यंत. तेव्हा कुणी कळवायचं, कुठल्या पत्त्यावर, कुणाच्या सहीने, हा कागद आजच तयार हवा. तहान लागल्यावर विहीर खणून हे होत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा आहे.

या मेळाव्यासाठी समितीने एक वेबसाइट केली. उत्तम केली. तिच्यावर आपण सगळ्यांनी नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, जोडीदाराचं नाव, रक्तगट भरला. वर्गणी भरल्याचे स्क्रीनशॉट टाकले, काहींच्या त्यात खाते क्रमांक दिसतात. शाळेतले जुने फोटो अपलोड केले. आज दुपारी जेवणं होतील, आपण गळाभेट घेऊ, आपापल्या गावी जाऊ. ती वेबसाइट मात्र इथेच राहील. तिच्याकडे उद्यापासून कुणी बघणार नाही. पुढच्या वर्षी तिच्या सॉफ्टवेअरला दुरुस्ती येईल, ती बसवायला कुणी नसेल. वेबशेल ठेवायला याहून चांगली जागा कुठली? निवांत, कुणी न झाडलेली, आणि आत आपल्या सर्वांची माहिती. त्यात आपले सर आणि बाई आहेत. या वयात त्यांना कुणी 'मी तुमचा जुना विद्यार्थी बोलतोय' म्हणून जन्मतारखेसकट फोन केला, तर त्यांनी विश्वास का ठेवू नये?

समितीतल्या मित्रांशी काल मी बोललो. त्यांनी लगेच होकार दिला, याचा मला आनंद आहे. तर तीन गोष्टी ठरल्या आहेत. स्मरणिका छापून झाली की नोंदणीचा फॉर्म बंद होईल. पत्ते आणि फोनची यादी छापील स्वरूपात दोघांकडे राहील. सर्व्हरवरचा डेटा आणि वर्गणीचे स्क्रीनशॉट पुसले जातील. आणि फोटोंची पानं फक्त दाखवायच्या फाइलींची करून ठेवू. चालणारी एकही फाइल तिथे राहणार नाही. जिथे काही चालतच नाही तिथे वेबशेलला काम नसतं.

चौथी गोष्ट तुमच्याकडे मागतो. आपल्या शाळेच्या वेबसाइटवर आता ऑनलाइन प्रवेश अर्ज भरून घेतात. तिची हजेरी दर महिन्याला घेणारा एक माणूस हवा. मी घेईन, पण मी एकटा नको. मी आजारी पडेन, परदेशी जाईन, विसरेन. आपल्या तुकडीत या क्षेत्रातले आणखी पाच-सहा जण आहेत, मी कालच मोजले. दोघांनी जेवणाआधी मला भेटा. वर्षातून तीन-चार तासांचं काम आहे. देणगीचा फलक लागेल का, असं मागून कुणीतरी विचारतंय. नाही लागणार. हे काम नीट झालं तर कुणाला कळणारही नाही.

त्या अर्जांमध्ये ज्यांची नावं आहेत ती मुलं आत्ता पाचवीत आहेत. त्यांच्या माहितीची राखण करा असं त्यांनी आपल्याला सांगितलेलं नाही, सांगायचं असतं हेही त्यांना माहीत नाही. त्यांच्या वर्गात आज किती जण बसलेत आणि पटावर किती आहेत, एवढं आपण बघत राहू.

आता चहा आहे.